गोळ्यांबद्दल थोडं, आई-बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न.

रविवारी फोनवर मानसोपचाराच्या गोळ्यांचं सांगितलं आणि आई रडायलाच लागली. बाबा, तुम्ही म्हणालात, "आम्हीपण जन्मभर खाकी घातली, आम्हाला कुठं काय झालं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

मला वेड लागलेलं नाही आणि मी नोकरीही सोडत नाहीये. पावसाळ्यात होळकर पुलाखाली एका लहान मुलीचं प्रेत मिळालं. पंचनामा मी लिहिला. "डाव्या पायात चांदीचा पैंजण, उजव्या पायात नाही," हे माझ्या हातचं वाक्य. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी पॉइंटवर उभी होते. पण पुढे रोज रात्री तीनला जाग यायला लागली, घास गिळवेना, वायरलेस खरखरला तरी छातीत धस्स व्हायचं. शेवटी सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, प्रसंग सरला तरी शरीर पहारा सोडत नाही, असं होतं. उपचारांनी ते कमी होतं. गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चालू आहे. आता झोप लागते.

बाबा, तुम्हाला सर्व्हिस शीटची काळजी आहे, ठाऊक आहे मला. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क मला दिलाय. तरी आमच्या मोठ्या साहेबांना मी स्वतःहून सांगितलं. त्यांनी रात्रपाळी बदलून दिली. सगळीकडे असे साहेब भेटत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. 2019 च्या एका देशव्यापी अहवालात पोलिसांची ड्युटी सरासरी 14 तासांची निघाली. योगाची शिबिरं घ्या, व्याख्यानं ठेवा, पण आधी हक्काची साप्ताहिक सुट्टी पदरात पडू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. झोप नाही, रजा नाही आणि वर "कणखर राहा" म्हणायचं, हा अन्याय आहे.

आणखी एक. 2003 च्या सिंहस्थात रामकुंडाजवळ चेंगराचेंगरी झाली, तेव्हा तुम्ही तिथे बंदोबस्ताला होतात. त्यानंतर कितीतरी महिने तुम्ही रात्री ओट्यावर बसून असायचात, असं आई सांगते. घरात कोणी विषय काढला नाही. ठाण्यातही "हवालदार, झोप लागते का?" असं कोणी विचारलं नसणार. मी विचारतेय, बाबा. अजूनही तुम्ही गर्दीच्या जत्रेला जात नाही, ते मी बघते.

14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. किंवा दिवाळीनंतर इकडे या, आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ. 2027 ला पुन्हा सिंहस्थ आहे, रामकुंडावर मीही असेन. त्याआधी मला तुमच्याकडून ते सगळं ऐकायचंय.

आई, आत्याने विचारलं तर उपचार चालू आहेत म्हणून सरळ सांग. आणि डॉक्टर म्हणेपर्यंत गोळ्या बंद कर म्हणून मला सांगू नकोस.

तुमची,
ताई