जमीन आरोग्य पत्रिकेत गांडुळाला रकाना नाही

माननीय संपादक,
स. न.

५ डिसेंबरच्या जागतिक मृदा दिनानिमित्त आपल्या कृषी पानावर माती परीक्षणाची माहिती आली होती. माती तपासून शेतकऱ्याला मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेतले १२ घटक त्यात नीट समजावले होते : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. योजना २०१५ साली सुरू झाली. या बारांत जित्या जिवाची मोजणी कुठेच नाही, एवढेच सांगायला हे पत्र.

नमुना कसा घेतात ते बघा. पीक निघून वावर रिकामे झाले की वीतभर खड्डा करायचा, माती सावलीत वाळवायची, खडे, मुळ्या, काडीकचरा वेचून टाकायचा आणि चाळायची. अन्नद्रव्ये मोजायला हे बरोबरच आहे. पण किडामुंगी असलीच तर ती इथेच बाहेर फेकली जाते. शिवाय उन्हाळ्यात आपल्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, तेव्हा गांडुळे ओलीच्या मागे खाली जाऊन वेटोळे करून पडून राहतात. वरच्या थरात ती सापडणार कशी? जीव मोजायचे तर पावसाळ्यात, डवरणीच्या दिवसांत कुदळ घेऊन यावे लागेल.

मातीतल्या प्राण्यांचे अभ्यासक तसे करतातही. २५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल मातीचा चौकोन उकरून दिसेल तो प्राणी वेगळा काढतात. काठ जमिनीच्या पातळीत येईल असे पेले पुरून ठेवतात. रात्री फिरणारे कोळी, भुंगेरे त्यात पडतात. बारीक जिवांसाठी नरसाळे असते. त्यात जाळी, जाळीवर माती, वरून बल्ब. माती वरून सुकत जाते तसे माइट (कोळ्यांच्या कुळातले बारीक जीव) आणि पोटाखालच्या चिमट्याने उडी मारणारे स्प्रिंगटेल ओलाव्यासाठी खाली सरकतात आणि बाटलीतल्या अल्कोहोलमध्ये पडतात. इटलीच्या बर्लेसे यांनी १९०५ मध्ये ही युक्ती काढली, बल्ब पुढे स्वीडनच्या तुलग्रेन यांनी जोडला. तालुक्याच्या कॉलेजलाही परवडेल असे हे सामान. गाडी अडते ती पुढे. बाटलीतला माइट कोणत्या जातीचा, हे सांगणारी माणसेच थोडी. वर्गीकरण शिकून नोकरी कुठे मिळते, म्हणून पोरे तिकडे फिरकत नाहीत.

पृथ्वीवरच्या सुमारे ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१९ मध्ये ५७ देशांतल्या जवळपास ७ हजार ठिकाणांवरून गांडुळांचा जागतिक नकाशा तयार झाला. त्यात उष्ण प्रदेशातल्या नोंदी तुटपुंज्या होत्या. म्हणजे आपल्यासारख्यांचीच जागा कोरी.

गांडूळ खताच्या बेडवर मात्र सगळ्यांचा भर. खत चांगलेच आहे. पण बेडमधले लाल गांडूळ बाहेरून आणलेले, शेणकचऱ्यात राहणारे. काळ्या मातीत बिळे करणारे ते नव्हे. बेड भरला म्हणून वावरातही गांडुळे आहेत, असा हिशेब कोणी धरू नये.

शेतकऱ्याला ओळख असते ती नुकसान करणाऱ्यांचीच : मुळ्या खाणारी हुमणी अळी, वाळवी, पुष्कळ पायांचा वाणू. यातला वाणू मूळचा पालाकुचला खाणारा, पण कोवळ्या रोपांनाही तोंड लावतो. आम्ही दुकानातून औषध आणतो आणि मोकळे होतो. त्यातल्या फोरेट या कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. तोवर वर्षानुवर्षे ते जमिनीत पडले, त्यात हुमणीबरोबर आणखी काय काय मेले याची नोंद कुठल्या गावाकडे आहे? २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे गेली, तेव्हा कुठे चौकशी झाली. किड्यांची कोण करणार!

नोंद ठेवायला जागा नाही असेही नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. मी पाहिलेल्या नोंदवहीत झाडे, पाखरे, साप, मासे आहेत. मातीतले म्हणाल तर गांडूळ, तेही एका ओळीत. राज्य जैवविविधता मंडळ नागपूरला, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपूरला, कापूस संशोधन संस्थाही तिथेच, आणि अकोल्याला कृषी विद्यापीठ. इतके सगळे विदर्भात असताना येत्या पावसाळ्यात निवडक गावांत मोजणी सुरू करायला काय हरकत आहे? पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) जाळलेले एक वावर, पऱ्हाटीचा बारीक भुगा करून जमिनीत मिसळलेले दुसरे आणि कधीच न नांगरलेला धुरा म्हणजे बांध, या तिन्ही ठिकाणी गावातल्या शाळेच्या पोरांना सोबत घेऊन खणावे. आणि जे सापडेल त्याची यादी मराठीत करून ग्रामपंचायतीला परत पाठवावी. आमच्याकडून मातीच्या पिशव्या जातात, पुढे त्यांचे काय झाले ते कळत नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ