अंदाज, पुरावा आणि एक नसलेला ग्रह

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू त्या व्हिडिओंमधला दावा ठासून सांगत होतास, मी पुरावा विचारला तर म्हणालास की शास्त्रज्ञ पण शेवटी अंदाजच करतात ना, मग त्यांच्या अंदाजात आणि आपल्या कुणाच्याही अंदाजात फरक काय? तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून हे लांबलचक पत्र. आधीच सांगतो, तुझं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. अंदाज करतातच, आणि करायलाच हवेत.

ल व्हेरिए नावाचा फ्रेंच गणिती होता बघ. युरेनस गणिताने सांगितलेल्या वाटेवरून जात नव्हता, तर याने तर्क केला की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, आणि तो आकाशात कुठे सापडेल तेही कागदावर काढलं. त्याचं पत्र बर्लिनच्या वेधशाळेत पोचलं २३ सप्टेंबर १८४६ ला. त्याच रात्री तिथला खगोलशास्त्रज्ञ गॅले दुर्बिणीतून एकेका ताऱ्याची जागा सांगत होता आणि त्याच्यासोबतचा विद्यार्थी ती नकाशाशी ताडून बघत होता, असं करता करता एका ताऱ्यापाशी तो पोरगा म्हणाला, हा नकाशात नाहीये! तोच नेपच्यून. सांगितलेल्या जागेपासून एक अंशसुद्धा लांब नव्हता. मला हे वाचताना दरवेळी अंगावर काटा येतो.

आता पुढचं ऐक, खरी गंमत इथे आहे. बुधाची कक्षा पण गणितापेक्षा थोडी जास्तच सरकत होती, शतकाला फक्त ४३ सेकंद (कोनाचे सेकंद, एका अंशात असे ३६०० असतात). ल व्हेरिएने परत तोच तर्क केला, की सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार. माणूस तोच, पद्धत तीच, हुशारी तीच. १८५९ मध्ये एका खेड्यातल्या डॉक्टरने सूर्यावरून काळा ठिपका सरकताना पाहिल्याचं कळवलं, तर हा स्वतः त्याच्याकडे जाऊन आला, त्याची खात्री पटली, ग्रहाचं नावही ठरलं व्हल्कन. पुढे कितीतरी वर्षं लोक खग्रास ग्रहणात तो शोधत राहिले, अधूनमधून कुणाला तरी दिसल्यासारखा वाटायचा पण पक्कं काहीच होईना. ल व्हेरिए १८७७ मध्ये गेला, तेही २३ सप्टेंबरलाच, आणि शेवटपर्यंत त्याला वाटत होतं व्हल्कन आहे. नव्हताच रे. १९१५ मध्ये आइनस्टाईनने गुरुत्वाकर्षणाचं गणितच नव्याने मांडलं आणि ते ४३ सेकंद त्यातून आपोआप निघाले, कुठलाही ग्रह न घालता.

म्हणजे कागदावर दोन्ही अंदाज सारखेच वजनदार होते. फरक कुठे पडला, तर आकाशाकडे बघितल्यावर. आणि बघता येण्यासारखं काहीतरी त्याने नेमकं सांगितलं होतं, म्हणून तर तो चुकला हे पण कळू शकलं! तू पाठवतोस त्या व्हिडिओंमध्ये मला नेमकं हेच सापडत नाही.

अजून एक, तू 'सिद्ध झालंय' हा शब्द फार सहज वापरतोस. खरी सिद्धता गणितात असते, आणि तिथले लोक किती कडक असतात बघ. दोनपेक्षा मोठी कुठलीही सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते, हा गोल्डबाख नावाच्या गणितीचा १७४२ चा तर्क. कॉम्प्युटरवर ४ वर अठरा शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासून झालाय, एकदाही चुकला नाही, तरी त्याला अजून तर्कच म्हणतात. विज्ञानात तशी सिद्धता मिळतच नाही, तिथे पुरावा साठत जातो.

आणि पुरावा नाही म्हणजे खोटंच, असंही मी म्हणत नाहीये. पाउली नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये न्यूट्रिनो नावाच्या एका अतिसूक्ष्म कणाची कल्पना मांडली ती एका पत्रातच, आणि हा अगदी नाइलाजाचा उपाय आहे असं स्वतःच लिहून. कण सापडायला १९५६ उजाडलं. मधली २६ वर्षं तो अंदाज होता आणि त्याने तो अंदाज म्हणूनच मांडला होता, मला तो माणूस त्यासाठीच आवडतो.

तर तू परवा जे एवढं ठासून सांगत होतास त्याबद्दल एकच विचारतो, काय दिसलं तर तू म्हणशील की नाही, हे चुकलं? सवडीने लिही, घाई नाही.

तुझाच