विश्वास नाही का, साहेब?

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझी पत्रे उत्तरावाचून पडून आहेत आणि आजही लिहितो आहे ते गरजेपोटीच, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे सर्व ठीक. आईचा गुडघा जैसे थे.

घराचे नूतनीकरण काढल्याचे वहिनींकडून कळले असेलच. काल कंत्राटदार कमरेवर हात ठेवून म्हणाला, "विश्वास नाही का, साहेब?" आणि क्षणभर तूच समोर उभा आहेस असे मला वाटले. सहलीचा खर्च वहीत मांडू या, असे मी म्हटल्यावर तू याच सुरात हेच विचारले होतेस, आणि पुढे नानांच्या वाट्याचे पैसे कोणी भरले यावरून आपला किती दिवस अबोला होता! (ते मीच भरले होते.)

तर झाले असे. दरपत्रके मागवली तेव्हा सर्वांत कमी रकमेच्या पत्रकात "स्नानगृह, मालासह, संपूर्ण" एवढीच ओळ होती. जुनी फरशी फोडणे, राबिट उचलणे, दरवाजाची चौकट बदलणे, यांचा उल्लेखच नसल्याने ती रक्कम कमी दिसत होती. म्हणून मी स्वतः कामांची यादी केली आणि तीच सर्वांना भरायला दिली, तेव्हा स्वस्त आणि महाग यांतले अंतर बरेच आटले. निवडलेल्या माणसाशी प्रत्येक बाबीचा दर ठरवला. रक्कम मात्र प्रत्यक्ष मोजमापावर. टाइल्सचा मूळ दर त्याने मुद्दाम कमी धरला होता, म्हणजे आपण जरा बरी टाइल निवडली की फरक आपल्या माथी. तो दर वाढवून घेतला, कापण्या-फुटण्यात जाणाऱ्या मालासाठी 10 टक्के जास्त धरले, आणि एकूण अंदाजाच्या 15 टक्के रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवली.

ती लागलीच. भिंत फोडल्यावर आतला जुना लोखंडी पाइप गंजून पापुद्र्यांनी भरलेला निघाला; त्यात कंत्राटदाराचा काय दोष? पण राखीव रक्कम शिल्लक आहे एवढे कळताच घरात नवी कपाटे सुचू लागली. आमच्या घरी "राखीव" म्हणजे "अजून न खर्चलेले" असा अर्थ घेतला जातो, आणि त्या आघाडीवर माझा पराभव ठरलेलाच आहे.

खरी काळजी वेगळीच आहे. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले आहेत: पाइप बसवून दाबाची चाचणी झाली की एक, वॉटरप्रूफिंग तपासले की दुसरा, टाइल्स लागल्या की तिसरा, आणि शेवटचे 10 टक्के दोष दुरुस्त झाल्यावर. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला आहे, पण पाणी भरून ठेवण्याची चाचणी अजून झालेली नाही. निचऱ्याचे तोंड बंद करून, भिंतीवर पातळीची खूण करून किमान 24 तास पाणी साठवायचे आणि खालच्या छताला ओल येते का ते पाहायचे, एवढेच ते काम. टाइल्स बसल्यानंतर गळती सापडली तर सगळे पुन्हा फोडावे लागेल. आणि हा गृहस्थ म्हणतो, टाइल्सचा हप्ता आजच द्या, गवंडी उद्यापासून लावायला घेतील!

माणूस लबाड वाटत नाही. हात कसबी आहे. फरशीचा उतार त्याने स्वतः पाणी ओतून तपासला. मला वाटते, त्याचे दुसरे काम अडकले आहे आणि तिथली मजुरी माझ्या पैशांतून भागवायची आहे. आगाऊ पैसे दिले की त्याला माझ्याकडे येण्याची घाई उरणार नाही. न द्यावे तर गवंडी पगारावाचून निघून जातील. त्यात जादा कामाचा सगळा हिशेब, लांबी, रुंदी, दर, त्याने स्नानगृहाबाहेरच्या भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने मांडला आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्याच भिंतीवर पुट्टी फिरणार आहे. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, तेव्हाच ते विश्वासाचे वाक्य आले.

माझ्या मनात असे आहे की, आजवर झालेल्या कामाचे मोजमाप करून तेवढेच पैसे द्यावेत, टाइल्स आणि सिमेंट मी थेट बिलावर आणावे, आणि जादा कामाच्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. चाचणीआधी टाइल मात्र एकही लावू द्यायची नाही. पण त्याने अंग काढून घेतले तर अर्धे फोडलेले घर दुसरा कोणी सहज हातात घेत नाही, हे तू तुझ्या घराच्या वेळी भोगले आहेस.

तुझ्या बदलीचे काय झाले? धाकटीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार.

मोजमापांची वही आणि भिंतीचा फोटो सोबत पाठवत आहे. कुठे दर दोनदा लागला आहे असे दिसले तर खूण कर, आणि हा हप्ता पूर्ण अडवू की झालेल्या कामापुरता देऊ, तेवढे लगेच कळव. तोवर बँकेची सबब सांगून त्याला थोपवतो.

तुझाच

ता. क. नानांच्या पैशांचा विषय उत्तरात काढू नकोस; वही माझ्याकडे अजून आहे.