एकदाच बघितलेले सिनेमे

रामबाग, इंदूर

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "रिटायर झालोय, संध्याकाळ खायला उठते, एकदाच बघण्यासारखे हिंदी सिनेमे सांग." आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्या दारात कुरिअरवाला आला. बरंच झालं. नाहीतर मी पटापट दहा नावं फेकली असती आणि विषय तिथंच संपला असता.

सकाळी पोहे-जिलेबी आणायला निघालो आणि डोक्यात किडा वळवळला, की तुला नेमकं काय हवंय? आपल्यात ‘एकदा बघायला हरकत नाही’ हे सांगून आलेल्या स्थळाबद्दल म्हणावं तसं म्हणतात. म्हणजे नकारच, फक्त सभ्य. तसले सिनेमे हवे असतील तर माझी गरज नाही. टीव्ही लाव, जो लागेल तो तसलाच असेल. पण मी आठवून बघितलं, तर जे सिनेमे मी एकदाच बघितले आणि पुन्हा वाटेला गेलो नाही, तेच डोक्यात घट्ट बसलेत. ‘शोले’ किती वेळा बघितला याचा हिशोब नाही. त्यात तो लिहिणाऱ्या सलीम-जावेदमधले आपले सलीमभाई इंदूरचे, म्हणून प्रत्येक वेळी घरचं कार्य असल्यासारखे जायचो. ते वेगळं.

पहिलं नाव ‘इत्तेफाक’चं. १९६९ चा, यश चोप्रांचा. एकही गाणं नाही. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला राजेश खन्ना पावसाळी रात्री एका बाईच्या घरात शिरतो, इतकंच सांगतो. ती बाई म्हणजे नंदा, आपल्या मास्टर विनायकांची मुलगी, आणि सोज्वळ नंदाला असल्या भूमिकेत बघणं हीच निम्मी गंमत. शाळा बुडवून आपण मॉर्निंग शोला गेलो होतो, आठवतं? आपल्या मागे एक गृहस्थ शेंगदाण्याची पुडी घेऊन बसले होते. टरफल फोडायचे, फुंकर मारायचे, की साल थेट माझ्या कॉलरीत. दहा मिनिटं झाली असतील नसतील, त्यांनी बायकोला खुनी कोण ते सांगून टाकलं, आणि तेही दबल्या आवाजात नाही. तू उठून उभा राहिलास, मी तुझा शर्ट धरून खाली बसवलं. पुढचा सगळा सिनेमा आपण रहस्य नसलेलं रहस्य बघत होतो. त्यामुळे खरं सांगायचं तर ‘इत्तेफाक’ मी एकदाही धड बघितलेला नाही. तू बघ, आणि शेजारी कुणाला बसवू नकोस. चुलत्या मोठ्या चोप्रांचा, म्हणजे बी. आर. यांचा १९६० चा ‘कानून’ही बिनगाण्याचा आहे, तोही लगोलग उरकून घे... चुलत्या काय म्हणतोय मी, थोरल्या भावाचा! वय झालं.

यावर तू वाद घालणार, की चांगला रहस्यपट दुसऱ्यांदा बघण्यातही मजा असते. ‘कहानी’पुरतं मान्य. विद्या बालन पोट सांभाळत कोलकात्यात नवऱ्याला शोधत हिंडते, आणि दुसऱ्या खेपेला आपण कथेकडे बघतच नाही, आपल्याला कुठंकुठं उल्लू बनवलं ते मोजत बसतो. पण ती मजा चोर सापडल्यावर कुलूप तपासण्याची. मला पहिलीच आवडते.

आता दुसरी जात. यांत लपवण्यासारखं काही नसतं, पण पुन्हा बघायची छाती होत नाही. ‘आक्रोश’ घे. १९८० चा, गोविंद निहलानींचा दिग्दर्शक म्हणून पहिला, लिहिलेला विजय तेंडुलकरांनी. ओम पुरीचा लहान्या भिकू जवळजवळ सबंध सिनेमाभर तोंड उघडत नाही. वकील कुलकर्णी, म्हणजे नसीर, त्याच्यासमोर बसून विचारतोय, समजावतोय, चिडतोय, आणि हा नुसता बघतोय. कॉलेजात असताना पांढरा पडदा टांगून आपल्याला दाखवला होता. सुटल्यावर तू राजवाड्यापर्यंत अवाक्षर बोलला नाहीस. तू! जो सिनेमा चालू असतानाही गप्प बसत नाहीस.

‘सदमा’चं तसंच. सुरेश वाडकरांचं ‘ऐ जिंदगी गले लगा ले’ मी रोज लावतो, पण शेवटचं रेल्वे स्टेशन आणि श्रीदेवीच्या खिडकीपुढे माकडचेष्टा करणारा कमल हासन पुन्हा बघणं नको.

आणि ‘सारांश’. तो तू बघितला नसशील अशी माझी खात्री आहे, कारण १९८४ साली तू नोकरीच्या शोधात वणवण करत होतास. शिवाजी पार्कातलं प्रधान मास्तरांचं म्हातारं जोडपं. मुलगा न्यूयॉर्कला असतो, तिथं त्याचा खून होतो. अनुपम खेर तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसचा पोरगा होता, आणि रोहिणी हट्टंगडीही काही म्हातारी नव्हती, पण दोघं असे चालतात-बसतात की वय विचारायचं सुचत नाही. मुलाच्या अस्थी सोडवायला मास्तर कस्टम्सच्या कचेरीत जातात, तो प्रसंग. मी वर्णन करत नाही.

आम्ही तो टीव्हीवर बघितला. तुला माहीतच आहे, दादा तोवर अमेरिकेला गेला होता. बाबा खुर्चीत, हातात अडकित्ता, समोर सुपारीचं तबक. कचेरीचा प्रसंग सुरू झाला आणि कट्-कट् थांबली. पूर्ण सिनेमा होईपर्यंत अर्धी कातरलेली सुपारी तशीच पात्यात अडकलेली. संपल्यावर बाबा आईला एवढंच म्हणाले, "पत्र टाकायला हवं त्याला." त्याचं पत्र चारच दिवसांपूर्वी आलं होतं. पुढे दोन-तीनदा तो टीव्हीवर लागला. बाबा "बघितलाय" म्हणून गच्चीत जायचे. खालून आम्हाला सुपारी कातरल्याचा आवाज येत राहायचा, नेहमीपेक्षा भराभर. दादा खुशाल होता, आजही आहे, परवाच व्हॉट्सअॅपवर बर्फ उपसतानाचा व्हिडिओ टाकलाय. पण मीही ‘सारांश’ पुन्हा लावला नाही. अभिनय, संवाद, सगळं कबूल, तरी नाही.

तेव्हा तू तो एका बैठकीत बघ. आज निम्मा, उद्या निम्मा असं नको. आणि संपल्यावर लगेच मला फोन करू नकोस, दुसऱ्या दिवशी कर.

इथे रीगल, मधुमिलन ही टॉकीजची नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरलीत. थंडी मात्र चांगली पडलीय, सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे ते तळलेले कंद, आलेत. तुझ्या पुण्यात त्याला काय म्हणतात कोण जाणे, मिळत नाहीत एवढं नक्की. वहिनींना घेऊन आठ दिवस ये. येताना चितळ्यांची बाकरवडी आण, इथल्या शेवेबरोबर अदलाबदल करू. खुनी कोण ते मात्र आल्या-आल्या सांगू नकोस. मला ‘इत्तेफाक’ अजून एकदा बघायचाय, पहिल्यांदा.

तुझाच,
कॉलरीत शेंगदाण्याची सालं घेऊन घरी गेलेला