झाडाची आठवण

महोदय,

मोहोरावर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) दिसली की आमच्या रत्नागिरीकडच्या आंबा बागांत फवारणीचे पंप सुरू होतात; झाड स्वतःही रोगाशी झुंजते, हे मात्र आम्ही विसरतो. १९६१ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ रॉस यांनी तंबाखूवर दाखवले की, खालच्या पानांवर मोझॅक विषाणू (तंबाखूवर रोग आणणारा विषाणू) चोळला असता तेथे पेशी मरून ठिपके पडतात आणि आठवडाभराने वरच्या निरोगी पानांवर तोच विषाणू चोळल्यास ठिपके कमी व बारीक पडतात. म्हणजे एका जागी रोग झाला की बाकीचे झाड सज्ज होते. या सज्जतेत झाडातच तयार होणाऱ्या सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. लसीमुळे आपल्या शरीरात तयार होतात तशी प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) झाडात नसतात, त्यामुळे झाडाला असे सज्ज करणाऱ्या फवारणीला दुकानदार 'झाडाची लस' म्हणतो (आम्हीही एकदा भुललो), ते नाव फसवे आहे. शिवाय ही सज्जता रोगाआधीच यावी लागते. मोहोर काळवंडल्यावर ही 'लस' फवारून उपयोग नाही.

– एक बागायतदार, रत्नागिरी