पांढरी हलवताना घाईची संमती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर मराठवाड्यातली नदीकाठची गावे उंचावर हलवावीत, म्हणजे पांढरी (गावाच्या वस्तीची जागा) बदलावी, ही चर्चा आमच्या भागात पुन्हा ऐकू येते. गावकरीच मागणी करत असतील तर विचारायचे काय उरले, असे अनेकांना वाटते. 1993 च्या भूकंपानंतर हललेल्या, औसा तालुक्यातल्या एका गावचा मी शेतकरी आहे. अशी मागणी कशी जन्माला येते आणि पुढे तिचे काय होते, हे मी आमच्याच घरात पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव नुकते झोपले होते. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. त्याखाली लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 8 हजार माणसे गेली. आमची आजी गेली. मी सोळा वर्षांचा होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना गाव कुठे हवे हे विचारायला माणसे आली, तेव्हा वडील, म्हणजे आमचे अण्णा, एवढेच म्हणाले, "लांब." साऱ्या गावाने सह्या केल्या, अंगठे दिले. तो दगड पुन्हा डोळ्यांना दिसू नये, इतकेच मागणे होते. गोठा कुठे असेल, कडब्याची गंजी कुठे लागेल, भावकी शेजारी राहील का, हे सुचण्याची ती वेळच नव्हती.

जागतिक बँकेच्या कर्जातून आणि अनेक संस्थांच्या मदतीतून 52 गावे पूर्ण नव्या जागी वसवली गेली. त्या काळात इतके मोठे काम उभे राहिले, त्याबद्दल आजही कृतज्ञता आहे. घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरला 400 आणि त्यावर 750. आमची जमीन चार एकर, म्हणून 400 चौरस फूट. जुन्या वाड्यात आम्ही तीन चुलत्यांची कुटुंबे, दोन बैल आणि एक म्हैस इतकी राहत होतो.

नव्या घरात पहिले काही महिने सगळे समाधानी होते. स्लॅबखाली झोप लागत होती, हीच तेव्हा मोठी गोष्ट. एप्रिल उजाडला आणि स्लॅब तापला. माळवदाखालचा गारवा आठवू लागला. बैल रस्त्याकडेला बांधले, कडबा उघड्यावर भिजला. आमच्या गावात घरांच्या आकाराप्रमाणे ओळी पाडल्या होत्या, त्यामुळे भावकी चार दिशांना गेली आणि भूमिहीनांची घरे सगळ्यात शेवटी, देवळापासून आणि दुकानापासून लांब पडली. रस्ते सरळ आणि रुंद होते, पण दुपारी बायांना बसायला ओटा राहिला नाही. शेत मैलभर लांब गेले. काही घरांत कडबा भरला गेला आणि माणसे शेजारी पत्रे टाकून राहिली. "माणसाला घर दिलं, संसाराला नाही दिलं," असे माय म्हणायची. ज्या अण्णांनी "लांब" म्हणून अंगठा दिला होता, तेच आता त्या अंगठ्याला शिव्या देत होते. बाहेरून येणारी माणसे यालाच आडाणीपणा समजत. तो आडाणीपणा नव्हता. ज्याच्या दारात जनावर आहे, त्याला दार किती रुंद लागते हे त्यालाच ठाऊक असते.

आज गावात कुणालाही विचारा, जुन्या जागी परत जायला कुणी तयार नाही. अण्णासुद्धा तयार नाहीत. धाकट्या भावाने जुन्या गावठाणाशेजारी घर बांधायचा विषय काढला, तेव्हा त्यांनी तो तिथेच मिटवला. लावलेले लिंब आता स्लॅबवर सावली धरतात, लोकांनी पुढे पडव्या काढल्या, कुंपणे घातली. त्या रुंद रस्त्यांवरून आता ट्रॅक्टर थेट दारात येतो. घरात आलेल्या सुनांना हेच गाव माहीत आहे. जुने गाव म्हणजे वेड्या बाभळी आणि वर्षातून एकदा नारळ फोडायची जागा.

पण मन का बदलले, हे नीट पाहायला हवे. घर बदलले नाही, शेती बदलली. ज्वारी गेली, सोयाबीन आले, मग कडब्याची गंजी उरली नाही. बैलजोडी विकली, गोठा लागेनासा झाला. चुलते वेगळे निघाले, एक तर पुण्याला गेला. चारशे चौरस फुटांत अखेर आम्ही मावलो, कारण आमच्याकडे मावायचे होते तेच कमी झाले. यावरून नकाशा बरोबर होता असे कुणी म्हणू नये. ज्यांनी ती पहिली दहा-पंधरा वर्षे काढली, त्यांची अडचण खरी होती आणि ती टाळता आली असती. माझ्या मावशीच्या गावात नुकसान कमी होते, म्हणून तिथे गाव न हलवता दुरुस्तीसाठी टप्प्याटप्प्याने पैसे मिळाले. चूल कुठे, न्हाणी कुठे, हे मावशीने ठरवले. त्या घराबद्दल तिने कधी तक्रार केल्याचे मला आठवत नाही.

माळीण 2014, तळिये 2021, इरशाळवाडी 2023. गावे हलवण्याची वेळ महाराष्ट्रावर पुन्हा पुन्हा येते, आणि दरडीखालचे किंवा पाण्याखालचे गाव हलवलेच पाहिजे. माझे म्हणणे पद्धतीबद्दल आहे. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यांत घेतलेली सही निवाऱ्यापुरती धरा. गावाची जागा आणि आखणी यांसाठी एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर पुन्हा विचारा. पैसा थोडा असेल तर घर लहान द्या, पण आवार मोठे द्या. खोली पुढे वाढवता येते, आवार वाढवता येत नाही. भूमिहीनाला सगळ्यात लहान जागा हा हिशेबही बदला, त्याची शेळी आणि कोंबडी त्याच अंगणात जगते. भावकीला, आळीला शेजारी राहायचे असेल तर तशी मुभा द्या. पांढरी हलवताना काळीपासून, म्हणजे शेतापासून, ती पायी किती लांब जाते, हे बैलगाडीच्या चाकोरीने मोजा, नकाशावर नको. आणि दुसऱ्यांदा विचाराल तेव्हा बायांना वेगळे बसवून विचारा. आमच्या शेडमध्ये कुणी मायला विचारले नव्हते.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर