कोपरे सोडून कसलं मॅक्सिमा-मिनिमा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीची परीक्षा जवळ आली की आपल्या पुरवणीत नमुना प्रश्न येतात. त्यात मॅक्सिमा-मिनिमाचा, म्हणजे फंक्शनची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत शोधण्याचा प्रश्न ठरलेला, आणि रीतही ठरलेली: डेरिव्हेटिव्ह (फंक्शनच्या बदलाचा दर) काढा, शून्याशी मांडा, दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचं चिन्ह बघा. मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाले. 'क्ष' हे फंक्शन 0 ते 1 एवढ्याच अंतरावर दिलं की चांगली हुशार मुलं लिहायची, "डेरिव्हेटिव्ह कुठेच शून्य नाही, म्हणून मॅक्सिमम नाही." मॅक्सिमम तर 1 या टोकाला समोर बसलेलं असतं! क्लासमध्ये टोकांचा भाग 'परीक्षेला येत नाही' म्हणून सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण विसाव्या शतकातलं एक फार सुंदर गणित या टोकांशीच येऊन भिडतं.

मार्स्टन मोर्स या अमेरिकन गणितज्ञाने 1925 साली मांडलेल्या विचाराचं सार असं: गुळगुळीत पृष्ठभागावर उंचीसारखं फंक्शन घ्या, त्याची शिखरं, खळगे आणि खिंडी मोजल्या की पृष्ठभागाच्या घडणीबद्दल बरंच कळतं. गोलावर शिखरं अधिक खळगे वजा खिंडी, उत्तर कायम 2. (डोंगर-दऱ्यांचा असा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1870 सालीच मांडला होता.) पण आकाराला धारा आणि कोपरे असले की डेरिव्हेटिव्ह तिथे अडतो. मग आकाराचे तुकडे पाडायचे: आतला भाग वेगळा, कडा वेगळ्या, कोपरे वेगळे. फंक्शन प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र तपासायचं. ज्या बिंदूपाशी फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह त्या तुकड्यापुरता शून्य होतो, तो क्रिटिकल बिंदू. कोपरा म्हणजे एकच बिंदू, त्यामुळे तो नेहमीच क्रिटिकल.

घरातला कॅरम एका कोपऱ्यावर उभा धरा आणि पाणी खालून वर चढतंय असं समजा. फळीसकट कॅरम असेल तर खालच्या कोपऱ्याला ओला भाग जन्माला येतो. पुढे बाजूचे दोन कोपरे आणि वरचा कोपरा ओलांडला तरी ओल्या भागाच्या घडणीत फरक पडत नाही. आता फळी काढून नुसती लाकडी चौकट धरा. बाजूच्या कोपऱ्यांना याही वेळी काही होत नाही, पण वरच्या कोपऱ्याला दोन ओले हात एकमेकांना मिळतात आणि कडं तयार होतं. कोपरा तोच, उंची तीच, तरी परिणाम निराळा, कारण कोपऱ्याच्या आसपासची जागा निराळी. डेरिव्हेटिव्ह मात्र फळीवर किंवा कडांवर कुठेच शून्य झालेला नाही.

तुकडे एकमेकांना कसे भिडले तर हा हिशेब जमतो, याच्या अटी हॅसलर व्हिटनी या अमेरिकन गणितज्ञाने 1965 साली दिल्या. हा माणूस पट्टीचा गिर्यारोहक. न्यू हॅम्पशायरमधल्या कॅनन कड्यावरची एक धार त्याने 1929 साली नात्यातल्या भावाबरोबर प्रथम सर केली, आणि ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. पुढे रने थॉम आणि जॉन मॅथर या गणितज्ञांनी पाया पक्का केला. मार्क गोरेस्की आणि रॉबर्ट मॅकफर्सन यांनी 1988 च्या ग्रंथात सगळं एकत्र बांधलं. त्यांचं मुख्य प्रमेय सांगतं, की क्रिटिकल बिंदूपाशी होणारा बदल दोन भागांचा गुणाकार असतो: एक तुकड्याच्या दिशेने, तो मोर्सचा जुनाच, दुसरा तुकड्याला आडव्या छेदातला. संमिश्र संख्यांच्या समीकरणांतून आलेल्या अवकाशांत तर हा दुसरा भाग कोणतं फंक्शन घेतलं यावर अवलंबूनच राहत नाही. हे पहिल्यांदा उमजलं तेव्हा मला जो आनंद झाला, तो मुलांपर्यंत पोचावा असं फार वाटतं.

बारावीला हे प्रमेय नको. पण या वर्षीच्या नमुना प्रश्नांत एक प्रश्न चौरसावरचा घ्या: 'क्ष अधिक य' या फंक्शनची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत शोधा. आतला भाग, चार कडा, चार कोपरे असे नऊही तुकडे तपासायला लावा आणि गुणांची विभागणी तशीच छापा. प्रश्न आणि पूर्ण उत्तर मी लिहून पाठवते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सातारा